सायक्लिकटेस्ट सहा वर्षं वापरल्यावर: टूल भारी आहे, पण पहिली ओळ वाचा

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू एका फुकट मिळणाऱ्या टूलचा आहे, काळ्या स्क्रीनवर चार आकडे दाखवतं बस, त्यामुळे अनबॉक्सिंग वगैरे काही नाही. पण आमच्या धंद्यात या चार आकड्यांवर मशीन पास-नापास होतं म्हणून लिहितोय. आम्ही भोसरी एमआयडीसीत पाऊच पॅकिंगची मशीन्स बनवतो. फिल्मचा रोल, त्याची नळी होते, खालून सील, आत माल पडतो, वरून सील, कट. सगळे सर्वो, म्हणजे सांगितलेल्या पोझिशनला अचूक फिरणाऱ्या मोटर. कंट्रोलला पीएलसी (कारखान्यातला नेहमीचा कंट्रोलर) न वापरता इंडस्ट्रियल पीसीवर लिनक्स, त्यावर रिअल-टाइम कर्नल, म्हणजे ठरल्या वेळेत काम करायला बनवलेला लिनक्सचा गाभा, आणि दर १ मिलिसेकंदाला इथरकॅट या मशीनमधल्या नेटवर्कवरून मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हना नवी पोझिशन. म्हणजे सेकंदाला हजार वेळा आमचा प्रोग्रॅम उठला पाहिजे, आणि वेळेत उठला पाहिजे. ९९९ वेळा वेळेत उठून एकदा उशीर केला तरी ड्राइव्ह जुन्याच पोझिशनवर राहतो, फिल्म सरकते, पाऊच आयमार्क (फिल्मवरची छापील खूण) सोडून कापलं जातं.

तर हे "उठायला किती उशीर होतो" मोजायचं काम सायक्लिकटेस्ट करतो. थॉमस ग्लाइक्सनर यांनी मुळात लिहिलेला, आरटी-टेस्ट्स नावाच्या पॅकेजमध्ये येतो, डेबियन लिनक्सवर एका कमांडमध्ये इन्स्टॉल. काम अगदी साधं. तो टायमर लावतो, समजा १००० मायक्रोसेकंदांनी, म्हणजे १ मिलिसेकंदाने, उठव म्हणून, झोपतो, उठला की घड्याळ बघतो, ठरल्यापेक्षा किती उशिरा उठलो ते लिहून ठेवतो, परत झोपतो. स्क्रीनवर त्या उशिराचे चार आकडे, मायक्रोसेकंदांत: मिन (सगळ्यात कमी), ॲक्ट (आत्ताचा), ॲव्हरेज, मॅक्स (सगळ्यात जास्त). रिअल-टाइमवाल्याला यातला फक्त मॅक्स बघायचा असतो. ॲव्हरेज बघून खूश होणारा माणूस म्हणजे सरासरी खोली चार फूट म्हणून नदीत उतरणारा.

पहिल्यांदा चालवला तेव्हा साध्या कर्नलवर चालवला होता, मागे लोड टाकून, आणि मॅक्स हजारांच्या घरात गेला, म्हणजे मिलिसेकंदाचं आख्खं सायकलच खाल्लं. मग रिअल-टाइम पॅच (कर्नलच्या कोडमधले जादा बदल) मारलेला कर्नल टाकला आणि तोच पीसी, तोच लोड, मॅक्स ३८. साहेबांनी माझ्या खुर्चीमागे उभं राहून दहा मिनिटं नुसता तो आकडा बघितला. (तेव्हा पॅच बाहेरून आणून मारावा लागायचा, दर कर्नल व्हर्जनला वेगळा, आणि चुकीचा पॅच घेतला की अर्धा दिवस गेला. आता ती कटकट संपली. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ते काम मेन कर्नलमध्ये गेलं, ६.१२ पासून सरळ ऑप्शन टिक करायचा. वीस वर्षं चाललेलं काम, आणि हे बदल आत घ्या म्हणून शेवटची रिक्वेस्ट म्हणे सोनेरी कागदात गुंडाळून लिनक्सचे कर्ते लिनस टॉरवाल्ड्स यांच्या हातात दिली. इतकी वर्षं थांबल्यावर मीपण पेढे वाटले असते.)

आता वापरायचं कसं, तर लोक जी चूक करतात ती मीपण केली. दोन मिनिटं चालवायचा, मॅक्स बघायचा, स्क्रीनशॉट काढायचा, ग्रुपवर टाकायचा. असं करू नका. जर्मनीत ओएसएडीएल म्हणून संस्था आहे, त्यांच्याकडे रॅकच्या रॅक भरून वेगवेगळे बोर्ड सतत याच टेस्टवर ठेवलेले असतात, आणि त्यांची पद्धत म्हणजे १० कोटी लूप, दर २०० मायक्रोसेकंदाला एक. हिशोब केला तर २०,००० सेकंद होतात, म्हणजे साडेपाच तासांच्या वर थोडं. आम्ही तेच उचललं. मेमरी लॉक करायची, प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरवर टेस्टचा एक थ्रेड, प्रायॉरिटी ९९ म्हणजे सगळ्यात वरची, हिस्टोग्राम (किती उशीर किती वेळा झाला त्याचा आलेख) ४०० मायक्रोसेकंदांपर्यंत, आणि रात्री लावून घरी जायचं. सकाळी हिस्टोग्राम बघितला की मजा येते, डावीकडे डोंगर आणि उजवीकडे लांब पातळ शेपूट, आणि त्या शेपटीच्या टोकाला एखादाच ठिपका. तो एक ठिपका म्हणजे आपला पगार.

इथपर्यंत पाच स्टार. आता खरी गोष्ट.

सांगलीकडे एका हळदीच्या प्लँटला मशीन दिलं. राजापुरी हळद, ५० ग्रॅम आणि १०० ग्रॅमचे पाऊच. आमच्याकडे टेस्टिंग एकदम कडक झालेलं, सायक्लिकटेस्टचे साडेपाच तास, मागे स्ट्रेस-एनजी या लोड टाकणाऱ्या टूलचा फुल लोड, नेटवर्कवर ट्रॅफिक, डिस्कवर लिहिणं, जे सुचेल ते सगळं. मॅक्स ४१. आम्ही १०० पर्यंत चालेल म्हणून धरलेलं, त्यामुळे निवांत. मशीन लागलं, आठ दिवस झाले आणि फोन आला. "साहेब, रात्रपाळीला मशीन झटका खातंय." दिवसा? "दिवसा नाय खात."

मी सांगलीला गेलो, दिवसभर मशीनजवळ बसलो, एक झटका नाही. मेंटेनन्सचे काका, वय साठीच्या आसपास, ते म्हणाले, "तुमी जावा जेवून या, दहानंतर बघा." दहानंतर खरंच बसला. फिल्म सरकली, सील हळदीवरच बसलं, पाऊच फुटलं, पिवळा धूर. मग पाऊण तासाने अजून एक. मला वाटलं व्होल्टेज, रात्री व्होल्टेज वाढतं ना गावाकडे. स्टॅबिलायझर बघितला, अर्थिंग बघितलं, इथरकॅटची केबल बदलली. केबल बदलणं हा आमच्या लाइनमधला गणपती आहे, प्रत्येक कामाची सुरुवात त्यानेच होते.

मग पहाटे तीनच्या सुमाराला तिथेच मशीन थांबवून सायक्लिकटेस्ट लावला. मॅक्स ३६. म्हणजे पीसी ठीक! प्रोग्रॅममध्ये बग असणार म्हणून दोन दिवस कोड वाचला. आणि तिसऱ्या दिवशी कंटाळून त्याच टेस्टचं आउटपुट वरपासून वाचलं तेव्हा पहिली ओळ दिसली, जी मी काही वर्षं रोज बघत होतो आणि एकदाही वाचली नव्हती. त्यात लिहिलेलं असतं की सीपीयू डीएमए लेटन्सी शून्य मायक्रोसेकंदावर सेट केली.

याचा अर्थ काय, तर प्रोसेसरला काम नसलं की तो झोपतो, वीज वाचवायला. हलकी झोप, गाढ झोप अशा पायऱ्या असतात, त्यांना सी-स्टेट म्हणतात. जितकी गाढ झोप तितका उठायला वेळ. आणि चारही कोअर एकदम रिकामे झाले की अख्खं पॅकेजच अजून खाली झोपतं. लिनक्समध्ये एक डिव्हाइस फाइल आहे, ती उघडून त्यात शून्य लिहिलं आणि उघडीच ठेवली की कर्नल प्रोसेसरला गाढ झोपू देत नाही. सायक्लिकटेस्ट हे स्वतःहून करतो! आमचा प्रोग्रॅम करत नव्हता. म्हणजे मी टेस्ट लावली की प्रोसेसर जागा, टेस्ट काढली की प्रोसेसर पुन्हा ढाराढूर. परीक्षा असली की शहाण्यासारखं वागणारं पोरगं असतं ना, तसं.

आणि रात्रीच का, तेही मग कळलं. दिवसा ऑपरेटर टचस्क्रीनवर काहीतरी दाबत असतो, सुपरवायझर रिपोर्ट काढतो, ऑफिसमधला कोणीतरी नेटवर्कवरून प्रॉडक्शनचा आकडा ओढतो, म्हणजे कुठला ना कुठला कोअर जागा. रात्री दहानंतर ऑपरेटर स्टुलावर बसून मोबाइल बघतो, स्क्रीनला हात नाही, चारही कोअर एकदम मोकळे सापडतात. म्हणजे आम्ही वर्स्ट केस शोधायला पीसीवर जगभराचा लोड टाकत होतो, आणि वर्स्ट केस होता काहीच लोड नसताना. फुल लोड टाकून आम्ही त्याला उलट जागंच ठेवत होतो. हे कळल्यावर मी पाच मिनिटं नुसता हसत होतो, काकांना वाटलं झोप न झाल्याने बिघडलोय.

नवीन व्हर्जनमध्ये एक ऑप्शन आहे, डिफॉल्ट-सिस्टिम नावाचा, तो दिला की सायक्लिकटेस्ट स्वतः सिस्टिमला हात लावत नाही, जशी आहे तशी मोजतो. तो देऊन त्याच पीसीवर रात्री चालवला तर मॅक्स २०० च्या वर. चोर सापडला. मग त्या फाइलमध्ये शून्य लिहायचं ठरलं, तर आमच्या नव्या पोराने शेलमधून एका ओळीत इको मारला, झालं म्हणाला, आणि परत झटका. कारण इको लिहितो आणि फाइल बंद करतो, फाइल बंद झाली की मागणी रद्द. फाइल उघडी धरून बसावं लागतं. हे डॉक्युमेंटेशनमध्ये आहे, पण डॉक्युमेंटेशन वाचतो कोण. शेवटी आमच्या प्रोग्रॅममध्येच सुरुवातीला ती फाइल उघडली, शून्य लिहिलं, प्रोग्रॅम बंद होईपर्यंत सोडली नाही. पीसी थोडा गरम राहतो, राहू दे.

तर स्टार कमी करायचे का? हे टूलचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याने पहिल्याच ओळीत सांगितलेलं. पण डिफॉल्ट उलटं असायला हवं होतं हे माझं मत. थर्मामीटरने ताप मोजताना क्रोसिन देऊ नये. अर्धा स्टार कापला.

दुसरी गोष्ट, आणि ही जास्त महत्त्वाची आहे, लोक सायक्लिकटेस्टचा मॅक्स बघून "आपला वर्स्ट केस इतका" म्हणतात. तो वर्स्ट केस नाही. तो आतापर्यंत दिसलेला सगळ्यात वाईट आहे. मराठीत दोन्हीला आपण सर्रास "जास्तीत जास्त" म्हणतो म्हणून गोंधळ होतो. खरा वर्स्ट केस त्याच्या पलीकडे कुठेतरी असतो, आणि मोजून तुम्ही त्याच्यापर्यंत फक्त खालून जाता. वरून यायचं असेल तर मोजून भागत नाही, सिद्ध करावं लागतं, ती टूल्स वेगळी. जर्मनीत सारब्रुकेनला ॲबसिंट कंपनी आहे, त्यांचं एआयटी नावाचं टूल प्रोग्रॅम चालवतच नाही, बायनरी, म्हणजे तयार मशीन कोड, उघडून त्यातले सगळे रस्ते काढतं, प्रत्येक लूप जास्तीत जास्त किती वेळा फिरेल, कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या छोट्या जलद मेमरीत) काय नक्की असेल आणि काय नसूही शकेल, प्रोसेसरमधली सूचनांची रांग, म्हणजे पाइपलाइन, कुठे अडेल, सगळं धरून म्हणतं की या कोडला याच्यापेक्षा जास्त वेळ लागूच शकत नाही. एअरबसच्या ए३८० च्या फ्लाइट कंट्रोलच्या सॉफ्टवेअरसाठी ते वापरलंय. विमानाला "साडेपाच तास चालवून बघितलं, ठीक होतं" चालत नाही ना.

मग आम्ही ते का वापरत नाही? कारण त्यासाठी प्रोसेसरचं आतलं वागणं पूर्ण माहीत असावं लागतं. छोट्या मायक्रोकंट्रोलरवर जमतं. आमच्या पीसीतल्या प्रोसेसरमध्ये तीन पातळ्यांची कॅश, पुढचं काम आधीच अंदाजाने करून ठेवणं, सूचनांचा क्रम उलटसुलट करणं, वर चार कोअर एकाच मेमरीसाठी भांडतायत. यात गंमत अशी की प्रत्येक टप्प्याचा सुटा वर्स्ट केस धरला म्हणजे एकूण वर्स्ट केस मिळाला असंही नाही. १९९९ मध्ये लुंडक्विस्ट आणि स्टेनस्ट्रॉम यांनी दाखवून दिलं की असल्या प्रोसेसरवर एखाद्या ठिकाणी कॅशमध्ये डेटा सापडला, म्हणजे फायदा झाला, तरी एकूण प्रोग्रॅमला उलट जास्त वेळ लागू शकतो. टायमिंग ॲनोमली म्हणतात. सिग्नल हिरवा मिळाला म्हणून लवकर पुढे गेलो आणि नेमके फाटकात अडकलो, तसं काहीसं. त्यामुळे एवढ्या गुंतागुंतीच्या चिपवर घट्ट आणि खात्रीचा आकडा निघणं फार अवघड.

तिसरी गोष्ट, सायक्लिकटेस्ट तुमच्या कोडला किती वेळ लागतो हे अजिबात मोजत नाही. फक्त उठायला किती उशीर. माझ्या ओळखीतल्या एकाने ४० मायक्रोसेकंद मॅक्स आला म्हणून लूप २५० मायक्रोसेकंदाचा केला आणि त्याच्या कॅल्क्युलेशनलाच कधीकधी ३०० लागत होते. हिशोब वेगळा करावा लागतो, आणि तो हिशोब सुंदर आहे म्हणून थोडा सांगतोच. १९७३ मध्ये लिऊ आणि लेलंड यांनी नियम दिला की जो टास्क जास्त वेळा येतो, म्हणजे ज्याचा पीरियड लहान, त्याला जास्त प्रायॉरिटी अशी लावली तर, टास्क कितीही असले तरी, प्रोसेसर साधारण ६९ टक्क्यांपर्यंत भरलेला असेल तर सगळे डेडलाइनमध्ये बसतातच. तीन टास्कना ही हद्द ७८ टक्के. आता समजा आपले तीन टास्क, पहिला दर ४ मिलिसेकंदाला १ मिलिसेकंद खातो, दुसरा दर ६ ला २, तिसरा दर १२ ला ३. प्रोसेसर भरला त्याची बेरीज ८३ टक्के. नियमात बसत नाही. म्हणजे फेल?

नाही. १९८६ मध्ये मथाई जोसेफ आणि परितोष पंड्या यांनी याचा नेमका हिशोब दिला, आणि हे दोघं आपल्या मुंबईत कुलाब्याला असलेल्या टीआयएफआर या संशोधन संस्थेशी जोडलेले, जोसेफ तर पुढे पुण्यात टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्राचे प्रमुख होते. मला हे कळलं तेव्हा उगाच छाती फुगली, म्हटलं जगभर ज्याला रिस्पॉन्स टाइम ॲनालिसिस म्हणतात त्याचं एक मूळ कुलाब्यात आहे. हिशोब असा, तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात कमी प्रायॉरिटीच्या टास्कचे स्वतःचे ३. तेवढ्या वेळात पहिला एकदा आणि दुसरा एकदा आडवा येतो, झाले ६. पण ६ मिलिसेकंदांत पहिला दोनदा येतो, झाले ७. ७ मध्ये दुसराही दोनदा येतो, झाले ९. ९ मध्ये पहिला तीनदा, झाले १०. १० घालून परत बघा, १० च येतात. थांबलं. १० मिलिसेकंद, डेडलाइन १२, पास. चहाच्या बिलामागे करता येईल एवढंच गणित. सायक्लिकटेस्टचा आकडा या हिशोबात अजून एक उशीर म्हणून वर मिळवायचा, आणि मिळवताना दिसलेला मॅक्स नाही, त्याच्यावर चांगली मार्जिन ठेवून. आम्ही आता दुप्पट धरतो. दुप्पट का, याला शास्त्र नाही, सांगली आहे.

पॅकेजमध्ये सोबत एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट येतं, त्याचं कौतुक वेगळं करायला पाहिजे. कधीकधी उशीर लिनक्समुळे नसतोच, बायोस, म्हणजे मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर, मध्येच प्रोसेसर हिसकावून घेतं, एसएमआय म्हणतात, ऑपरेटिंग सिस्टिमला पत्ताच लागत नाही, घड्याळ मात्र पुढे गेलेलं असतं. आमच्या लॅबमधल्या एका बोर्डावर असा काही शे मायक्रोसेकंदांचा खड्डा ठरावीक वेळाने दिसायचा, बायोसमध्ये यूएसबी लेगसी सपोर्ट बंद केला आणि गायब. तेव्हापासून नवीन पीसी आला की आधी हे, मग सायक्लिकटेस्ट. बायोसच बदमाश असेल तर वर कितीही कर्नल घासा.

खटकणारी शेवटची बाब, मॅक्स आला पण तो कोणामुळे आला हे सायक्लिकटेस्ट सांगत नाही. ठरावीक आकड्यावर ट्रेस (कर्नलमध्ये काय काय घडलं त्याची नोंद) थांबवायची सोय आहे, पण मग तो ट्रेस वाचत बसा, हजारो ओळी. यासाठी मी आता कर्नलसोबत येणारं आरटीएलए वापरतो, त्यातलं टायमरलॅट. डॅनियल ब्रिस्टॉट डी ऑलिव्हेरा यांचं काम, २०२४ मध्ये ते फार लवकर गेले. त्याला ५० च्या वर गेलं की थांब म्हटलं की थांबतं आणि सरळ हिशोब मांडतं, इतका वेळ इंटरप्टने (हार्डवेअरने मध्येच मारलेल्या हाकेने) खाल्ला, इतका अमुक थ्रेडने. ज्यांना आजच सुरुवात करायची आहे त्यांनी दोन्ही ठेवा, सायक्लिकटेस्ट रात्रभर आकड्यासाठी आणि टायमरलॅट दिवसा चोर पकडायला.

एकूण पाचपैकी साडेचार. किंमत शून्य, जुन्या फडतूस बोर्डावरही चालतो. लावताना डिफॉल्ट-सिस्टिमसह एकदा आणि त्याच्याशिवाय एकदा असा दोनदा लावा, एकदा फुल लोडवर आणि एकदा मशीनला कोणीच हात लावत नसताना. दोन आकड्यांत मोठा फरक आला तर तुमच्या प्रोग्रॅमने ती फाइल उघडली आहे का ते आधी बघा, केबल नंतर बदला.

सांगलीचं मशीन आता नीट चाललंय. मागच्या महिन्यात सर्व्हिसला गेलो होतो तेव्हा निघताना काकांनी हळदीचे दोन पाऊच हातात दिले, घरी न्या म्हणाले. एसटीत बसल्यावर सवयीने आयमार्क बघितला. एक बरोबर मधोमध, दुसरा दोन मिलीमीटर सरकलेला. जुन्या लॉटमधला असणार. पॅकिंगची तारीख बघायला गेलो तर नेमकी सीलमध्ये दबलेली.